28 टक्के गुन्हे नेमके कोणी वाढवले?

कैद्यांबद्दलचा तो लांबलचक मेसेज मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे तो न वाचता पुढे सरकवला. अशा मेसेजना उत्तरं देत बसलं तर माणसाला दुसरं काम उरणार नाही. पण मग मामेभावाचा फोन आला. त्याच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये एक वेल्डर आहे, जन्मठेपेतून मुदतपूर्व सुटलेला. कामाला चोख, बोलायला कमी, उधारी मागत नाही. वर्कशॉपची जागा मामांच्या नावावर. मामांनी फर्मान काढलं की या माणसाला आधी काढ. का, असं विचारल्यावर त्यांनी फोनवरून तो मेसेजच वाचून दाखवला. एका माणसाची रोजीरोटी जायला एवढं पुरत असेल, तर तो मेसेज वाचणं भाग होतं. वाचला.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. 2020 मध्ये कोरोनाच्या नावाखाली देशभर कैदी सोडले आणि त्याच वर्षी गुन्हे 28 टक्क्यांनी वाढले. जेलमध्ये दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, त्यामुळे 14 वर्षांची जन्मठेप सात वर्षांत संपते. दर 15 ऑगस्टला सरकार खुनी आणि बलात्कारी सोडतं. पॅरोल आणि फर्लो म्हणजे कैद्यांची सुट्टी, गेलेला कोणी परत येत नाही. आत बिर्याणी मिळते. म्हणून लवकर सोडणं बंद करा, गुन्हे आपोआप बंद होतील. शेवटी तीन तिरंगे आणि "खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा".

सुरुवात 28 टक्क्यांपासून करतो, कारण सगळा मेसेज त्या एका आकड्यावर उभा आहे. आणि पंचाईत अशी की आकडा खरा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशभरातल्या पोलीस ठाण्यांत नोंदलेल्या गुन्ह्यांचा अहवाल काढतो. त्यानुसार 2019 मध्ये देशात 51,56,158 दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि 2020 मध्ये 66,01,285. वाढ 14,45,127. टक्केवारी काढा, बरोबर 28 येते. मेसेज लिहिणारा इथे थांबला. अहवाल मात्र पुढे सांगतो की ही वाढ कशात झाली, आणि ते वाचायला फार विद्वत्ता लागत नाही. भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) कलम 188 खालचे गुन्हे 2019 मध्ये 29,469 होते, ते 2020 मध्ये 6,12,179 झाले. "इतर आयपीसी गुन्हे" नावाचा जो रकाना असतो, तो 2,52,268 वरून 10,62,399 वर गेला. या दोन रकान्यांतली वाढ एकत्र केली की 13,92,841 होते. म्हणजे वाढलेल्या दर शंभर गुन्ह्यांतले 96 या दोन रकान्यांतले.

कलम 188 कशाचं? सरकारी अधिकाऱ्याने रीतसर काढलेला आदेश मोडल्याचं. 2020 मध्ये तो आदेश कुठला होता हे कोणाला सांगायला हवं का? संचारबंदीत बाहेर पडलेले, मास्क नाकाखाली ओढलेले, वेळ संपल्यावर अर्धं शटर वर ठेवून किराणा विकणारे, गावाकडे चालत निघालेले मजूर, लग्नात पन्नासाऐवजी दोनशे माणसं बोलावणारे. हे सगळे त्या अहवालात गुन्हेगार म्हणून मोजले गेले. खुद्द मामांना त्या एप्रिलमध्ये सकाळच्या फिरण्यावरून पोलिसांनी अडवलं होतं. वयाकडे बघून दम देऊन सोडलं. हवालदाराने जरा कडक धोरण घेतलं असतं तर मामाही त्या 28 टक्क्यांत असते आणि आज स्वतःविरुद्धचाच पुरावा पुढे पाठवत असते.

बरं, ज्या गुन्ह्यांची आपल्याला खरी भीती वाटते त्यांचं त्या वर्षी काय झालं? चोरीचे गुन्हे पावणेसात लाखांच्या घरात होते, ते पाच लाखांच्या आत आले. महिलांवरच्या गुन्ह्यांची नोंद 4,05,326 वरून 3,71,503 वर आली. (यात खूश होण्यासारखं काही नाही. घरात मारणाऱ्याबरोबरच कोंडलेली बाई पोलीस ठाण्यात जाणार कशी? पण मेसेजच्या बाजूचा पुरावा तर तो नक्कीच नाही.) खून तेवढे वाढले, 28,915 वरून 29,193. साधारण एक टक्का. ही वाढ मी लपवत नाही. पण "देशात गुन्हे 28 टक्क्यांनी वाढले" याऐवजी "खून एक टक्क्याने वाढले, चोऱ्या चौथ्या हिश्शाहून जास्त घटल्या" असं लिहिलं असतं, तर मेसेज पुढे कोणी पाठवला असता?

आता दुसरी बाजू. "कैदी सोडले" हेही खरं आहे. 23 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितली. कारण साधं होतं. आर्थर रोड जेलची क्षमता तेव्हा 804 कैद्यांची होती आणि आत त्याच्या तिपटीहून जास्त माणसं होती. तिथे सहा फुटांचं अंतर पाळा असं सांगणं म्हणजे थट्टाच. मे महिन्यात त्याच जेलमध्ये शंभरावर लोक बाधित निघाले, त्यात कर्मचारीही होते. समितीने विचार कोणाचा करायचा याचा नमुनाही न्यायालयाने दिला होता, तो म्हणजे सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतले कैदी. महाराष्ट्राच्या समितीने मोक्का (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद), मनी लाँडरिंग, अमली पदार्थ असे विशेष कायदे वगळले. सोडलं तेही तात्पुरत्या जामिनावर किंवा आपत्कालीन पॅरोलवर. शिक्षा कोणाची माफ झाली नाही, फक्त पुढे ढकलली गेली.

आणि जेलं रिकामी झाली का? 2019 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे 4 लाख 80 हजार माणसं होती. 31 डिसेंबर 2020 ला ती होती 4,88,511. वाढली! एका दाराने हजारो बाहेर गेले आणि दुसऱ्या दाराने त्याहून जास्त आत आले. पण हा आकडा 28 टक्क्यांच्या शेजारी ठेवला की गोष्ट रंगत नाही, म्हणून तो मेसेजमध्ये नाही.

एवढ्यावर समाधान होत नसेल तर पुढची वर्षं बघा. सोडलेल्यांपैकी बरेच जण 2021 आणि 2022 मध्येही बाहेर होते. महाराष्ट्राने आपत्कालीन पॅरोल बंद केला तो मे 2022 मध्ये. मेसेजचं गणित खरं असतं तर या काळात गुन्हे चढत जायला हवे होते. 2021 मध्ये एकूण गुन्हे 60,96,310 वर उतरले, 2022 मध्ये 58,24,946 वर. मग 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्यांना पंधरा दिवसांत जेलमध्ये हजर व्हायला सांगितलं. आणि 2023 मध्ये एकूण गुन्हे 7.2 टक्क्यांनी वाढले. आता मामांच्याच तर्काने बोलायचं तर कैदी परत आत घातल्यामुळे गुन्हे वाढले! कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की काहीही सिद्ध करता येतं.

2023 मध्ये गुन्हे वाढले, हे मी मान्यच करतो. "गुन्हे वाढतायत" ही लोकांची भावना हवेतून आलेली नाही. पण वाढले कुठले? सायबर गुन्हे 65,893 वरून 86,420 वर गेले, 31 टक्क्यांहून जास्त. मोटार वाहन कायद्याखालची प्रकरणं जवळपास दुप्पट झाली. खून त्याच वर्षी 27,721 पर्यंत खाली आले. तुमच्या खात्यातून ओटीपी विचारून पैसे काढणारा माणूस येरवड्यातून चांगल्या वर्तणुकीवर सुटलेला नसतो. तो बहुधा कधी पकडलाच गेलेला नसतो.

आता दिवस-रात्रीचं गणित. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे ते खात्रीने सांगतात. एकाने मला "वकील मित्राकडून पक्की माहिती" म्हणून सांगितलं होतं. त्या वकिलाचा पत्ता घेऊन ठेवायला हवा होता. ते धादांत खोटं आहे. भारतातल्या कुठल्याही कायद्यात, कुठल्याही जेल मॅन्युअलमध्ये 12 तासांचा दिवस नाही. जुन्या दंड संहितेचं कलम 49 सांगत होतं की महिना आणि वर्ष इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे मोजायचं, आणि नव्या न्याय संहितेनेही ती व्याख्या ठेवली आहे. जेलच्या कार्यालयात कैद्याच्या सुटकेची तारीख काढणारा क्लार्क तुमच्या-आमच्या भिंतीवरचंच कॅलेंडर वापरतो.

मुळात जन्मठेप 14 वर्षांची नसतेच. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. हे ठरवणारा खटला आपल्याच राज्यातला आहे, आणि गाजलेल्या माणसाचा आहे. गांधीहत्येच्या खटल्यात 1949 मध्ये जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात दावा केला की मिळालेली माफी (शिक्षेतली सूट) धरली तर माझी 20 वर्षं भरली, आता मला सोडा. 1961 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. नियमांप्रमाणे मिळवलेली माफी जमेला असली तरी सरकारने सुटकेचा आदेश काढल्याशिवाय सुटण्याचा हक्क निर्माण होत नाही. हा निकाल आजही उभा आहे. साठ वर्षांहून जास्त काळ उभा आहे, तरी व्हॉट्सॲपला पत्ता नाही.

मग 14 हा आकडा आला कुठून? ही त्या मेसेजमधली अर्धी खरी गोष्ट. 1978 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ घातलं गेलं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 475 आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला 14 वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारने सोडू नये, असं ते सांगतं. प्रत्यक्ष म्हणजे माफीचे दिवस न धरता. म्हणजे 14 वर्षं हा सुटकेचा दिवस नाही. त्याआधी सरकारला विचारही करता येत नाही अशी ती रेघ आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचे घटनेतले अधिकार वेगळे, ते या रेघेला बांधलेले नाहीत, पण ती वाट सामान्य कैद्याच्या वाट्याला किती येते? आणि महाराष्ट्रात 14 वर भागत नाही. 2010 च्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे वर्गवारी आहे. खून कसा केला, कोणाचा केला, एकट्याने की टोळीने, किती क्रूरपणे, यावरून माफी धरून कोणाला 22 वर्षं, कोणाला 24, कोणाला 26. शिवाय 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्य केलं आहे की उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी "अमुक इतकी वर्षं माफीविना" अशी जन्मठेप देऊ शकतं. दिवस-रात्र वेगळे मोजणारा हिशेब यात कुठे बसवायचा ते मामांनीच सांगावं.

माफी असते, हे खरं. ठरावीक वर्षांच्या शिक्षेत कैदी नेमून दिलेलं काम करतो, नियम पाळतो, त्याबद्दल त्याला महिन्याकाठी काही दिवस सूट मिळते. वर्तन बिघडलं की ती सूट कापतात. जेलच्या भिंतींच्या आत शिस्त टिकते ती बऱ्याच अंशी या सवलतीवर, हे कुठलाही जेलर सांगेल. एका बराकीत क्षमतेच्या दुप्पट माणसं, पहाऱ्याला दोन शिपाई, आणि कैद्याकडे गमावण्यासारखं काहीच नाही, अशी अवस्था करून बघायची आहे का?

15 ऑगस्टचा मुद्दा. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात केंद्राने विशेष माफीची योजना काढली होती, 2022 आणि 2023 मध्ये तीन टप्प्यांत. कोणासाठी? अर्धी शिक्षा भोगलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रिया आणि तृतीयपंथी, साठीपुढचे पुरुष, गंभीर अपंग, मरणपंथाला लागलेले रोगी, आणि शिक्षा पूर्ण भोगूनही केवळ दंड भरायला पैसे नाहीत म्हणून आत राहिलेले. जन्मठेपेचे कैदी वगळले होते. बलात्कार, हुंडाबळी, दहशतवाद, मानवी तस्करी, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), सगळं वगळलं होतं.

इथे कोणी तरी गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानोचं नाव घेणार, आणि घ्यायलाच हवं. 15 ऑगस्ट 2022 रोजी गोध्र्याच्या उपकारागृहातून 11 जण बाहेर आले, त्यांना हार घातले गेले, पेढे भरवले गेले. सामूहिक बलात्कार आणि खून, त्यात मारलं गेलेलं तीन वर्षांचं मूल. त्या दिवशी मलाही वाटलं होतं की माफीबिफी सगळं बंद करून टाकावं. पण ती सुटका केंद्राच्या योजनेत झाली नव्हती. गुजरातच्या 1992 च्या जुन्या धोरणाचा आधार घेऊन ती केली गेली. खटला मुंबईत चालला होता, शिक्षा मुंबईच्या न्यायालयाने दिली होती. सीबीआयने सुटकेला विरोध केला होता, मुंबईच्या विशेष न्यायाधीशांनीही. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, गुजरातला तो अधिकारच नव्हता, अधिकार होता तर महाराष्ट्राला, असं सांगितलं, आणि त्याच महिन्यात 11 ही जण परत आत गेले. म्हणजे नियम मोडून सोडलं, आणि नियमाने परत आणलं. या प्रकरणातून कोणी धडा घ्यायचा असेल तर तो आदेश काढणाऱ्यांबद्दल घ्यावा. त्याचा राग वर्कशॉपमधल्या वेल्डरवर काढणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पॅरोल आणि फर्लोबद्दल फार वेळ घालवत नाही. जेलच्या भाषेत अभिवचन रजा आणि संचित रजा. जामीनदार लागतो, पोलिसांचा अहवाल लागतो, गावच्या पोलीस ठाण्यात हजेरी लागते. उशिरा आला तर कमावलेली माफी जाते. पळणारे पळतात, हे खरं आहे. मुंबईतल्या एका तरुण वकील महिलेच्या खुनात जन्मठेप झालेला माणूस 2016 मध्ये पॅरोलवर सुटला आणि गायब झाला. 2017 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सापडला. त्या प्रकरणानंतर राज्याने नियम कडक केले. कोरोनाच्या रजेवरूनही काही जण परतले नाहीत, त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. पण "कोणी परत येत नाही"? कोणीच येत नसतं तर जेलं इतकी तुडुंब का? आणि रागच काढायचा असेल तर तो वशिल्याच्या रजेवर काढा. हरियाणातला डेऱ्याचा बाबा राम रहीम निवडणुका जवळ आल्या की बाहेर दिसतो. संजय दत्तच्या रजांवरून केवढं वादळ उठलं होतं. त्याच वेळी आईच्या बाराव्याला जायचं म्हणून केलेला कोणाचा तरी अर्ज तेराव्यानंतर मंजूर होतो. ही तक्रार रास्त आहे, पण मेसेजमध्ये ती नाही.

बिर्याणीला उत्तर देत नाही. कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती, हे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 2015 मध्ये स्वतः सांगितलं. तरी ती अजून शिजतेच आहे.

या सगळ्यात मेसेज एक गोष्ट सांगतच नाही, ती म्हणजे जेलमध्ये आहे कोण. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही, जे कायद्याने अजून निर्दोष आहेत. शिक्षा झालेले पक्के कैदी 1,33,415. शिक्षेत सूट, मुदतपूर्व सुटका, माफी, यांचा संबंध फक्त या पक्क्या कैद्यांशी. चारांतला एकही धड नाही. उरलेले बाहेर येतात ते जामिनावर, आणि जामीन म्हणजे लवकर सुटका नव्हे. पण "सराईताला कोर्टाने सोडलं" अशी बातमी आली की लोक जामीन, पॅरोल, माफी, निर्दोष सुटका हे सगळं एकाच पिशवीत कोंबतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला, जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर, बाँडवर सोडायला सांगितलं आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळून. यालाही "गुन्हेगार सोडण्याचा कायदा" म्हणणारा मेसेज येईलच, मी वाट बघतोय.

आता शेवटचा मुद्दा. लवकर सोडणं बंद करा, गुन्हे बंद होतील. याच्या बाजूने एक मजबूत पुरावा जगात आहे. मेसेज लिहिणाऱ्याला तो माहीत नाही, म्हणून मीच देतो. इटलीने 2006 मध्ये संसदेत कायदा करून शिक्षेत सरसकट तीन वर्षांची सूट दिली आणि थोड्याच काळात वीस हजारांहून जास्त कैदी सोडले. तुरुंगांतली गर्दी एक तृतीयांशाहून जास्त घटली. आणि हो, गुन्हे वाढले. चोऱ्या वाढल्या, बँकांवरचे दरोडे वाढले. अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर अभ्यास केले आहेत आणि मला ते खोडता येत नाहीत. माणसं न निवडता, मागे कोणी न ठेवता, एका फटक्यात दारं उघडली की हे होतं.

पण त्याच इटलीतल्या दुसऱ्या अभ्यासात एक गोष्ट निघाली. त्या कायद्यात अट होती की पाच वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर माफ झालेली शिक्षाही नव्या शिक्षेला जोडून भोगायची. ज्यांच्या डोक्यावर अशी उरलेली शिक्षा जास्त लटकत होती, त्यांनी पुन्हा गुन्हा कमी केला. आपल्याकडची मुदतपूर्व सुटका याच जातीची आहे. कैद्यामागून कैदी, एकेक फाईल. जेल अधीक्षकाचा अहवाल, पोलिसांचा अहवाल, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत, मग गृह विभाग. सर्वोच्च न्यायालयाने तपासायच्या कसोट्याही घालून दिल्या आहेत. गुन्हा समाजाला हादरवणारा होता का, पुन्हा करण्याची शक्यता किती, करण्याची ताकद तरी उरली आहे का, आत ठेवून काही साधणार आहे का, कुटुंबाची अवस्था काय. आणि सुटका अटींवर. अट मोडली तर सूट रद्द, वॉरंटशिवाय अटक, उरलेली शिक्षा भोगायला परत आत.

उलट ज्याला कुठलीही सूट न देता शेवटच्या दिवसापर्यंत ठेवलं, तो सुटतो तेव्हा त्याच्यावर कोणाची अट नसते, कोणाचा धाक नसतो. ठरावीक मुदतीची शिक्षा झालेला प्रत्येक जण कधी ना कधी बाहेर येणारच आहे. मेसेज त्याला अटींशिवाय बाहेर आणायचं म्हणतोय, आणि वर मामा त्याला कामावरूनही काढायचं म्हणतायत. मग तो करणार काय, हा प्रश्न मामांना विचारला तर ते म्हणाले, "तो त्याचा प्रश्न." नाही, मामा. तो पुढच्या ज्या माणसाच्या घराचं कुलूप तुटेल, त्याचा प्रश्न आहे.

गुन्हेगाराला भीती कशाची वाटते हे बघायचं असेल तर एनसीआरबीचाच आणखी एक आकडा घ्या. 2022 मध्ये दंड संहितेखालच्या ज्या खटल्यांचे निकाल लागले, त्यांतल्या 54 टक्क्यांत शिक्षा झाली. म्हणजे निकालापर्यंत पोचलेल्या दर दोन खटल्यांतला जवळपास एक सुटला. तपास ढिसाळ, साक्षीदार फितूर, पंच गैरहजर, तारीख पे तारीख. शिक्षा झालेले लवकर सुटतात याची चिंता करणाऱ्यांना शिक्षाच न होणारे दिसत नाहीत, कारण त्यांच्या सुटकेचा शासन निर्णय निघत नाही.

आणि मुदतपूर्व सुटकेत घोळ होत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. वर बिल्किसचं प्रकरण सांगितलंच. 18 फेब्रुवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं आहे की माफीचं धोरण असेल तर पात्र कैद्यांचा विचार त्यांनी अर्ज करायची वाट न बघता करा, आणि निर्णय काहीही असो, त्याची कारणं थोडक्यात लिहा. ज्यांना भीती वाटते त्यांनी ही कारणं मागावीत. कोणाला सोडलं, कुठल्या प्रवर्गात, किती वर्षांनंतर, न्यायाधीशांचं मत काय होतं आणि ते डावललं असेल तर का, हे गृह विभागाने प्रत्येक आदेशासोबत जाहीर करावं. असा मेसेज कोणी काढला तर मी तो तिरंग्यांसकट पुढे पाठवीन.